जोशुआ ट्रीचे गोल धोंडे वाऱ्याने नाही, पाण्याने घडवले

नागपुरात आता प्रत्येक कॉलनीत दोन-चार घरं तरी अशी सापडतात, ज्यांचा मुलगा किंवा मुलगी कॅलिफोर्नियात आहे. आई-बाबा एकदा तिकडे राहून येतात आणि आले की फोटो दाखवतात. गोल्डन गेटचा पूल, लास व्हेगासचे दिवे, आणि त्यात मध्येच एक वेगळाच फोटो. निळंशार आभाळ, झाडाचा पत्ता नाही, आणि दोन-तीन मजली उंचीचे गोल गरगरीत धोंडे एकावर एक चढलेले. हे जोशुआ ट्री नॅशनल पार्क. मी बरीच वर्षं कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवलं, त्यामुळे पुढचा प्रश्न मला पाठ आहे: "सर, हे वाऱ्याने घासून घासून असे झाले ना?"

वाळवंट म्हटलं की वारा आणि वाळू डोळ्यांसमोर येणं साहजिक आहे. पण या धोंड्यांना गोलाई दिली ती पाण्याने. तीही जमिनीच्या वर नाही, जमिनीच्या आत, मातीखाली, आणि तो प्रदेश आजच्याइतका कोरडा होण्याच्या फार आधी. वाळवंटाने फक्त वरची माती काढून आतला माल उघडा केला. ही गोष्ट एकदा कळली की तिथलं सगळं दृश्य वेगळं दिसायला लागतं. आणि नागपूरच्या माणसाला ती समजायला सोपी आहे, कारण त्यातला अर्धा भाग आपल्या विहिरींमध्ये आजही चालू आहे.

आधी जागा समजून घेऊ. हे उद्यान दक्षिण कॅलिफोर्नियात, लॉस एंजेलिसच्या पूर्वेला साधारण सव्वादोनशे किलोमीटरवर आहे. क्षेत्रफळ सुमारे ३,२०० चौरस किलोमीटर. मोहावी आणि कोलोरॅडो ही दोन वाळवंटं इथे एकमेकांना भिडतात. पश्चिमेचा भाग उंच आणि जरा थंड, पूर्वेचा सखल आणि जास्त तापणारा. नाव पडलं ते उंच भागात उगवणाऱ्या जोशुआच्या झाडावरून. हे आपल्याकडे शेताच्या बांधावर दिसणाऱ्या घायपाताच्या कुळातलं. मिनर्व्हा हॉयट नावाच्या एका बाईंनी या वाळवंटाला संरक्षण मिळावं म्हणून वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. त्यातून १९३६ साली ते राष्ट्रीय स्मारक झालं आणि १९९४ साली राष्ट्रीय उद्यान. आजही लोक त्या झाडासाठी जातात आणि धोंडे बघून थक्क होऊन परततात.

आता दगडाकडे वळू. हे धोंडे ग्रॅनाइटच्या जातीचे आहेत. नेमकं नाव मोन्झोग्रॅनाइट, पण ग्रॅनाइट म्हटलं तरी चालेल. साधारण दहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीखाली कित्येक किलोमीटर खोल वितळलेला खडक वर सरकत होता. तो पृष्ठभागापर्यंत पोचलाच नाही. वर पिंटो नाइस नावाच्या खडकाचं झाकण होतं, आणि तो खडक त्या काळीही म्हातारा होता, कारण त्याचं वय १७० कोटी वर्षांच्या आसपास आहे. त्याच्याखाली अडकून तो रस सावकाश, अगदी सावकाश गार झाला. सावकाश गार झाला म्हणून त्यातल्या खनिजांचे कण मोठे वाढले. म्हणूनच ग्रॅनाइटमध्ये गुलाबी-पांढरे, राखाडी आणि काळे ठिपके नुसत्या डोळ्यांनी वेगळे दिसतात.

आपला काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, याच्या अगदी उलट. सीताबर्डीचा किल्ला ज्या टेकडीवर आहे ती टेकडी आणि सेमिनरी हिल्स ही दख्खनच्या लाव्हाची इकडची पूर्वेची टोकं. तो लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी उघड्यावर पसरला आणि लवकर थिजला, त्यामुळे त्याचे कण इतके बारीक की भिंगाशिवाय दिसत नाहीत. सीताबर्डीची टेकडी जन्मली तेव्हा जोशुआ ट्रीचा ग्रॅनाइट जमिनीखाली केव्हाच थंड होऊन पडला होता.

पुढची पायरी भेगांची. वरचं झाकण लाखो वर्षं झिजत गेलं आणि खालच्या ग्रॅनाइटवरचा भार कमी झाला. भार उतरला की दाबलेला खडक जरासा फुगतो, आणि त्या फुगण्याने त्यात जमिनीला साधारण समांतर अशा आडव्या भेगा पडतात. त्याशिवाय उभ्या भेगांचे दोन संच पडले. एका दिशेच्या उभ्या भेगा, आणि त्यांना जवळजवळ काटकोनात छेदणाऱ्या दुसऱ्या. एक आडवी आणि दोन उभ्या, अशा तीन दिशांनी खडक कापला गेला की काय उरणार? ठोकळे. म्हणजे आज जे धोंडे गोल दिसतात, ते मुळात कोनाकोपऱ्यांचे चौकोनी ठोकळे होते, एकमेकांना घट्ट चिकटून, मातीखाली.

आता पाणी. पावसाचं पाणी हवेतला आणि विशेषतः मातीतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं आणि किंचित आम्लधर्मी होतं. हे पाणी भेगांमधून आत झिरपलं. ग्रॅनाइटमध्ये मुख्य तीन खनिजं असतात, आणि तिघांची पाण्यापुढची गत वेगवेगळी. फेल्डस्पार हळूहळू कुजतो आणि त्याची मऊ चिकणमाती होते. काळा अभ्रक पाणी घेऊन फुगतो, आणि फुगताना शेजारच्या कणांना ढकलून सैल करतो. गारगोटीला मात्र काहीच होत नाही. दोघे भिडू असे ढिले पडले की गारगोटी धडधाकट असूनही निराधार होते, आणि घट्ट खडकाचा भुगा होतो. हा भुगा जागच्या जागीच असतो. बाहेरून तो खडकासारखाच दिसतो, पण कुदळ मारली की भसकन् फुटतो.

या भुग्याला आपल्याकडे मुरूम म्हणतात. रस्त्याखाली, जोत्यात, अंगणात भरायला ट्रॅक्टरने जो आणतो, तो कुजलेला खडकच असतो. ग्रॅनाइटचा मुरूम जाड्या वाळूसारखा रवाळ, आपल्या पाषाणाचा जास्त मातकट. घडण्याची रीत एकच.

कळमेश्वरकडे एका ओळखीच्या शेतकऱ्याची विहीर खणली जात होती, तेव्हा मी मुद्दाम बघायला गेलो होतो. वर पुरुषभर काळी माती. तिच्याखाली पिवळसर-तपकिरी मुरूम, आणि त्या मुरमात जागोजागी रुतलेले गोल गोटे, काही नारळाएवढे, काही त्याहून बरेच मोठे. खणणारे म्हणायचे, "गोटा लागला", आणि कुदळ ठेवून पहार घ्यायचे. एक गोटा वर काढून आम्ही फोडला. बाहेरचे दोन-तीन पापुद्रे गंजल्या रंगाचे, बोटाने सोलून निघत होते. त्याच्या आतला थर जरा कडक. आणि मधोमध निळसर काळा, ठणठणीत दगड, ज्यावर हातोडी मारली तर खण्ण आवाज आला. आणखी खाली गेल्यावर अखंड पाषाण लागला, पण त्याच्या भेगांच्या दोन्ही बाजूंना तपकिरी कुजकी पट्टी होती. म्हणजे कुजणं भेगेपासून सुरू होतं आणि आत आत सरकतं. ती एक विहीर म्हणजे वरून खाली उभं केलेलं सगळं पुस्तकच होतं.

पण गोटा गोलच का? कुजून लहान चौकोन का नाही राहत? ठोकळ्याच्या सपाट बाजूवर पाणी एकाच दिशेने हल्ला करतं. कडेवर दोन दिशांनी. आणि कोपऱ्यावर तीन भेगा एकत्र येतात, म्हणून तिथे तिन्ही बाजूंनी. साहजिकच कोपरे सर्वांत आधी जातात, मग कडा, आणि सपाट बाजू शेवटी. खडीसाखरेचा खडा तोंडात धरला की त्याचे कोपरे आधी नाहीसे होतात, तसंच हे. मातीखाली लाखो वर्षं ओल धरून राहिली की मुरमाच्या गादीत गोल गाभे तेवढे शिल्लक राहतात. भेगा जिथे दूर दूर होत्या तिथे गाभे मोठे, जिथे दाटीने होत्या तिथे सगळाच मुरूम. जोशुआ ट्रीमध्ये एका ठिकाणी धोंड्यांचा डोंगर आणि शेजारीच सपाट वाळूचं मैदान का, याचं उत्तर बऱ्याच अंशी इथेच आहे.

इथपर्यंत तिथली आणि आपली गोष्ट सारखी. फरक पुढे पडतो. नागपूरला वर्षाला साधारण अकराशे मिलिमीटर पाऊस पडतो, जमिनीवर गवत-झाडं असतात, मुळं माती धरून ठेवतात. त्यामुळे आपले गोटे मातीतच राहतात. जोशुआ ट्रीच्या उत्तरेच्या वेशीवरच्या ट्वेंटीनाइन पाम्स या गावात वर्षाचा पाऊस शंभर मिलिमीटरच्या आसपास आहे. पूर्वी तो भाग एवढा रखरखीत नव्हता. हवा कोरडी होत गेली, हिरवाई विरळ झाली आणि माती धरून ठेवणारं कोणी उरलं नाही. वाळवंटातला पाऊस कमी असतो, पण येतो तेव्हा एकदम कोसळतो. उघड्या उतारावरून लोंढे सुटतात आणि सैल मुरूम वाहून नेतात. गोल गाभे एवढे जड की ते जागेवरच राहतात. आधाराचा मुरूम निघून गेला की ते खाली बसतात, एकमेकांवर टेकतात, काही कलंडून अडकतात. कुणीतरी उचलून रचले असावेत असं वाटतं, पण त्यातले बरेचसे आपल्या मूळ जागेपासून फारसे हललेलेच नाहीत.

हे मी सांगतो म्हणून मानायची गरज नाही. तिथे गेल्यावर एक पांढरी रेघ शोधा. ग्रॅनाइट गार होत आला तेव्हा त्याच्या भेगांत उरलासुरला रस शिरून थिजला आणि त्याच्या फिकट शिरा तयार झाल्या. बऱ्याच धोंड्यांवर अशी वीतभर किंवा हातभर रुंदीची शीर आरपार गेलेली दिसते. ती एका धोंड्यावरून शेजारच्यावर, तिथून पलीकडच्यावर सरळ ओळीत जाते का, ते बघा. जात असेल, तर हे तिन्ही धोंडे कधीकाळी एकच अखंड खडक होते आणि आजही जवळपास तिथेच उभे आहेत. रेघ एखाद्या धोंड्यावर तिरकी झाली असेल, तर तो तेवढाच कलंडला आहे. मला स्वतःला त्या अख्ख्या उद्यानात यासारखं सुंदर काही वाटलं नाही. कुठल्याही उपकरणाशिवाय, नुसत्या नजरेने दगडाचा मागोवा घेता येतो.

मग वाऱ्याचा वाटा किती? थोडा. वारा बारीक धूळ उडवून नेतो, पण दगड घासू शकेल अशी जाड वाळू तो जमिनीपासून फार उंच उचलू शकत नाही. गुडघा, फार तर कंबर. तीन मजली धोंड्याचा माथा त्याने गोल केला असता, तर वाळू तिथवर पोचायला हवी होती. शिवाय हैदराबादला मोठ्या इमारतींचे पाये खणताना मुरमात रुतलेले गोल ग्रॅनाइटचे धोंडे निघतात. त्यांना वारा कधी लागलेलाच नाही, तरी ते गोलच.

उघड्यावर आल्यावरही झीज थांबलेली नाही, फक्त तिची तऱ्हा बदलली आहे. स्कल रॉक नावाचा धोंडा रस्त्याच्या अगदी कडेला आहे. कवटीच्या डोळ्यांच्या जागी दोन खोल खोबण्या. सुरुवातीला तिथे लहानसे खळगे असणार. खळग्यात पावसाचं पाणी साचतं, सावलीमुळे ओल जास्त वेळ टिकते, कण सैल होतात, खळगा खोल होतो, आणि खोल झाला म्हणून पुढच्या वेळी आणखी पाणी धरतो. क्षारांचे स्फटिकही कणांच्या फटीत वाढून त्यांना उचकटतात. खोबणीच्या आत हळूच बोट फिरवलं तर खरखरीत कण हाताला लागतात, बाहेरची कातळी मात्र घट्ट असते. आर्च रॉक ही नैसर्गिक कमानही ग्रॅनाइट असाच आतून पोखरला जाऊन तयार झाली. धोंड्यांच्या पायथ्याशी झुडपं आणि लहान झाडं जास्त का, तेही लक्षात येईल. उघड्या खडकावरून सगळं पाणी निथळून पायथ्याशी जिरतं. म्हणजे मातीखाली कुजण्याचं काम तिथे आजही थोडंथोडं चालू आहे. आणि पायाखालची ती जाडी रवाळ वाळू हातात घेऊन बघा: गारगोटी, फेल्डस्पार, अभ्रकाचे चमकते तुकडे. तो ग्रॅनाइटचा मुरूमच.

अमेरिकेला जायचा योग नसेल, तर यातलं बरंचसं जवळ बघता येतं. नागपूरहून सिवनीमार्गे जबलपूरला गेलात की मदनमहालच्या टेकडीवर ग्रॅनाइटचे असेच धोंडे आहेत. राणी दुर्गावतीच्या नावाने ओळखला जाणारा तिथला किल्ला अशाच एका प्रचंड धोंड्यावर उभा आहे. जवळच बॅलन्सिंग रॉक, एवढा मोठा दगड आणि खालच्या दगडाला जेमतेम टेकलेला. २२ मे १९९७ च्या भूकंपात जबलपूरमध्ये घरं पडली, पण हा दगड हलला नाही. हैदराबादच्या गाडीने जात असाल तर काझीपेठ सोडल्यावर खिडकीशी बसा. दोन्ही बाजूंना धोंड्यांच्या टेकड्या सुरू होतात आणि भोंगीरचा एकसंध कातळ गाडीतूनच दिसतो. तो ग्रॅनाइट अडीचशे कोटी वर्षांच्या घरातला. हंपीचंही तसंच. या सगळ्या ठिकाणी गोल धोंडे आहेत आणि वाळवंट कुठेच नाही.

आता प्रत्यक्ष जाणाऱ्यांसाठी. आपल्याकडचे आई-बाबा बहुधा एप्रिल-मेमध्ये निघतात, नागपूरचा उन्हाळा टाळायला, आणि नेमके तिकडच्या उन्हाळ्यात जोशुआ ट्रीला पोचतात. तिथे जाण्याचा चांगला काळ ऑक्टोबर ते एप्रिल. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा शून्याजवळ जातो, तेव्हा स्वेटरवर भागत नाही. उन्हाळ्यात तापमान ३८ अंशांच्या वर जातं. "आम्ही नवतपा काढलेली माणसं, ३८ चं काय घेऊन बसलात" असं म्हणू नका. नवतप्यात आपण दुपारी दारं-खिडक्या लावून कूलरसमोर बसतो, दुपट्टा बांधल्याशिवाय बाहेर पडत नाही. इथे आडोसा नाही, धोंडा तापलेला असतो आणि हवा इतकी कोरडी की घाम आलेला कळतच नाही. जुलै-ऑगस्टशिवाय जमणारच नसेल, तर उजाडताना आत शिरा आणि दहाच्या आत पायी फिरणं संपवा.

पाणी माणशी दिवसाला किमान चार लिटर, चालणार असाल तर त्याच्या दुप्पट. आतमध्ये दुकान, हॉटेल, पेट्रोल पंप काही नाही आणि मोबाइलला बहुतेक ठिकाणी रेंज मिळत नाही. नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा. उन्हाळ्याच्या शेवटी वादळी पाऊस येतो तेव्हा कोरड्या नाल्यात गाडी किंवा पाऊल घालू नका. आपल्याकडे वरच्या गावात पाऊस झाला की खालचा नाला कसा अचानक भरून येतो, ते विदर्भातल्या माणसाला सांगायला नको.

एकच दिवस असेल तर पश्चिमेच्या दाराने आत जा. हिडन व्हॅलीत दीडेक किलोमीटरची गोल पायवाट आहे, सगळीकडून धोंड्यांनी वेढलेली. वय झालेल्यांनाही सावकाश जमते. पांढऱ्या शिरा शोधायची सवय इथे करून घ्या. मग कीज व्ह्यू. ही जागा सुमारे १,५८० मीटर उंच आहे आणि समोर कोचेला खोरं पसरलेलं दिसतं. त्या खोऱ्यातूनच सॅन अँड्रियास प्रस्तरभंग, म्हणजे पृथ्वीच्या कवचातली प्रचंड लांब भेग जाते, आणि हवा स्वच्छ असेल तर समुद्रसपाटीपेक्षा खाली असलेला सॉल्टन सी दिसतो. इथले डोंगर वर कसे उचलले गेले, तो सगळा हिशेब या प्रस्तरभंगाशी जोडलेला आहे. तिथून परत येऊन जम्बो रॉक्स आणि स्कल रॉक. यासाठी ऊन कलतं असू द्या. तिरप्या उन्हात खोबण्या आणि भेगा ठळक दिसतात, भर दुपारी सगळं सपाट वाटतं. धोंड्यांवर चढताना एक लक्षात ठेवा. चढणं सोपं असतं, पण उतरताना तीच रवाळ वाळू पायाखालून सरकते. दगड उचलून आणू नका, आणि छोटे दगड एकावर एक रचून ठेवू नका. तो नियम आहेच, शिवाय तिथे कुठला दगड कुठे पडला आहे यातच त्याचा इतिहास असतो.

वेळ आणि चांगली गाडी असेल तर जिऑलॉजी टूर रोड या कच्च्या रस्त्याने थोडं आत जा. सगळीकडे फिकट ग्रॅनाइट असताना तिथे एक टेकडी वेगळीच उठून दिसते. रंगाने काळपट, आकाराने वेगळी. तिचं नाव मालापाय हिल. तिचा दगड ग्रॅनाइट नाही, बेसॉल्ट आहे. सीताबर्डीच्या टेकडीचा आहे त्याच जातीचा.